डुक्कर-हवालदाराचा सासरा

हॅडलो, कनेटिकट
१९ ऑक्टोबर १७४८

हो भावोजी, तुमचंच. दुसऱ्या कुणाचं असणार? डाव्या कानाला दोन खाचा आणि उजव्याला गोल भोक, ही खूण गावात एकट्या तुमच्या डुकरांची. आणि तुम्ही न्यू हेवनला असेंब्लीत गावाचे डेप्युटी म्हणून बसून मला विचारताय, "वहिनी, ते डुक्कर माझंच कशावरून?" मग काय त्याला बायबलवर पाय ठेवून शपथ घ्यायला लावू? माझ्या वेलावरचे भोपळे खाऊन ते पायरीशी घोरत पडलं होतं. कान नसते तरी त्या घोरण्यावरून घराणं ओळखलं असतं मी.

गावानं त्याचं नाव काय ठेवलंय ते तुमच्या कानावर आलं नसेल. परवा गिडियन काठीवाला कुंपणावरून ओरडला, "थँकफुलकाकू, डेप्युटी परत तुमच्या मक्यात शिरलाय." मी आपली हात पुसत बाहेर धावले, म्हटलं भावोजी असेंब्ली सोडून आले की काय.

मोकाट डुकरं धरणाऱ्या यंदाच्या डुक्कर-हवालदाराकडं तक्रार करा म्हणाल, तर तो गिरणीवाल्याचा पोरगा तुमच्या डुकराला बघून टोपी काढतो. कोंडवाड्यात घालायचं तर सोडाच.

तुमच्या माइंडवेलची काळजी नको. ती माझ्याकडेच आहे. तुमच्या त्या नऊ खिडक्यांच्या घरात पोरीनं एकटीनं कशाला झोपायचं? आई गेल्यापासून माझ्याच चुलीपाशी वाढली ती. खाणंपिणं उत्तम, झोप उत्तम, हसणं जरा जास्तच. परवा लोणी घुसळताना गात होती आणि मला बघून स्तोत्र असल्यासारखा चेहरा केला. स्तोत्र नव्हतं ते.

केसांचा टोप घट्ट होतोय म्हणता. टोप तोच आहे भावोजी. तुम्ही निवडून आलात की डोकं वाढतं. मला नाही कळायचं तर कुणाला? प्रार्थनाघरातली बाकं वाटताना तुम्हीच मला तुमच्या मागं बसवलंत, "घरची माणसं पाठीशी हवीत" म्हणून. तेव्हापासून दर रविवारी तुमच्या टोपाची शेपटी बघतेय. मी पाठीशी आहेच.

भोपळ्यांचं काय करताय ते कळवा.

तुमची वहिनी,
थँकफुल ट्रेडवेल


न्यू हेवन
२७ ऑक्टोबर १७४८

थँकफुलवहिनी,

भोपळे हा वसाहतीच्या कारभारातला विषय नाही. तरी माझ्या गड्याला सांगून वखारीतले दोन घ्या. ते डुक्कर स्वभावानं गरीब आहे. तुमचं कुंपण सैल असेल.

आता महत्त्वाचं. हे माइंडवेलला आज सांगू नका, मी सांगेन तेव्हा सांगा. कर्नल व्हेटन यांच्याकडं माझं रोज जेवण होतं. कालवं इथं इतकी स्वस्त की गडीमाणसंसुद्धा कंटाळतात. कर्नलसाहेबांचा शब्द असेंब्लीच्या वरच्या सभेत चालतो आणि वरच्या सभेत पुढच्या वर्षी एक जागा रिकामी होणार. त्यांचा मुलगा ऑगस्टस याला बायको हवी आहे आणि मला मुलगी आहे. बाकीचं तुमच्या लक्षात आलं असेल. सुगीनंतरच्या आभाराच्या दिवशी मी ऑगस्टसला घेऊन घरी येतो. हंस मोठा बघून ठेवा. माइंडवेलला तिच्या आईचा निळा रेशमी झगा बेतून घ्या.

त्या ओबेड स्पाइसरला दारात उभं करू नका. पिपं बनवणारा माणूस, हातभर जमीन नाही, आणि गेल्या उन्हाळ्यात माझ्यासमोर टोपी चुरगाळत म्हणतो, "स्क्वायर, मला माइंडवेल द्या." मी त्याला विचारलं, ठेवशील कुठं, पिपात? त्यावर तो गेला. पुन्हा आला नाही, म्हणजे अक्कल आहे.

तुम्ही माझ्या डोक्याची थट्टा करता, पण या खेपेला मला मतं किती पडली ते विसरू नका. निवडणुकीआधी लोक म्हणत होते की डुकरांपायी ट्रेडवेल पडणार. उलट झालं. सप्टेंबरभर जो भेटेल तो हात धरून सांगत होता, "फार मोठ्या मनाचं काम केलंत, स्क्वायर." लोहाराच्या तर डोळ्यांत पाणी होतं. माझं पुलावरचं भाषण इतकं मनाला भिडेल असं मलाही वाटलं नव्हतं. पुलाविषयी लोकांना फार माया असते, हे आपल्यासारख्यांनी ध्यानात ठेवावं.

ए. ट्रेडवेल, डेप्युटी


हॅडलो
४ नोव्हेंबर १७४८

भावोजी,

ऑगस्टस म्हणजे तोच ना, जो मे महिन्यात आला होता आणि गाय अंगावर आली म्हणून भिंतीवर चढून बसला होता? ती गाय नव्हती हो. वासरू होतं. माइंडवेलनंच शेवटी वासराला कानाला धरून नेलं आणि त्याला खाली उतरवलं. उतरताना तिनं हात दिला तर म्हणाला, "हात धुतलेत ना?" असा जावई आणायचा तर गोठा आधी विकावा लागेल.

हंस बघून ठेवलाय. निळा झगाही बेतला. पोरीच्या अंगावर काय शोभून दिसला म्हणून सांगू. पण त्याबद्दल मागाहून.

आधी गावसभेची बातमी. तुम्ही नव्हतात म्हणून सभा लवकर आटोपली आणि लोक वेळेत जेवले. बायकांना आत जागा नाही, पण खिडकीला कान लावायला कायदा आड येत नाही. कुंपणं बघणारे निवडले, रस्त्याचा माणूस निवडला, आणि मग डुक्कर-हवालदाराची पाळी आली. आपल्याकडची रीत तुम्हाला मी काय सांगावी. ज्याचं त्या साली लग्न झालं त्याच्याच गळ्यात हे घोंगडं पडायचं. नव्या नवऱ्यानं आधी डुकरं हाकून बघावीत, मग संसार. तुमचं लग्न झालं त्या साली तुम्ही ओढ्यात पडला होतात ते मी अजून पोरांना सांगते.

तर कुणीतरी मागून ओरडलं, "ओबेड स्पाइसर." आणि सगळी सभा बाकं बडवायला लागली. ओबेड उभा राहिला, कान लालभडक. नाही म्हणाला नाही.

म्हणजे आपल्या ओबेडचं लग्न झालं, भावोजी.

पोरगी कुठली म्हणाल तर फार लांबची नाही. चांगल्या घरची आहे. पण एक घोळ आहे, आणि तुम्ही न्यायाधीशही आहात म्हणून विचारते. पोरीच्या बापाला अजून पत्ताच नाही. चोरून काही झालेलं नाही हं. पोरीच्या गावच्या प्रार्थनाघरात रीतसर तीन रविवार लग्नाचा पुकारा झाला, कुणाची हरकत असली तर बोला म्हणून. कारकुनानं दोघांची नावं खणखणीत घेतली. बाप पुढच्याच बाकावर हजर. पण बापाला झोप लागलेली. गाढ. डुलकी लागलेल्याला काठी टोचून उठवायचं काम काठीवाल्याचं, पण बाप पडला मोठा माणूस, त्याला काठी कोण लावणार? तिसऱ्या रविवारी कारकून बिचारा घाबरला. त्यानं थेट विचारलं, "साहेब, आपली संमती आहे ना?" आणि अख्ख्या गावासमोर त्या बापानं मान डोलावली. एकदा नाही, दोनदा.

पाद्रीबुवांनी नंतर लग्न लावलं. बाप तेव्हा कामासाठी परगावी होता.

आता तुम्ही सांगा. हे लग्न पक्कं की कच्चं? बापाला कळल्यावर त्याला मोडता येईल का? पोरगी रोज मला विचारते आणि मी म्हणते, थांब, मोठ्या माणसाला विचारते. ती वरवर हसते, पण कालपासून तिच्या ताटातलं तसंच राहतंय.

थँकफुल


न्यू हेवन
११ नोव्हेंबर १७४८

थँकफुलवहिनी,

हे पत्र अंथरुणातून लिहितोय. सभा संपली, पण उजव्या पायाचा अंगठा भोपळ्याएवढा सुजलाय. वैद्य म्हणतो कालवं बंद करा. वैद्याला कालवं परवडत नाहीत हे त्याचं खरं दुखणं. पाय उशांवर ठेवून पडून आहे आणि तुमच्या पत्रानं इतका हसलो की घरमालकीण धावत वर आली.

ओबेड स्पाइसरचं लग्न. वा. त्याला कुणीतरी पिपात घेतलं तर. माझ्या छातीवरचं एक ओझं उतरलं. पोरगी पलीकडच्या वस्तीतली असणार. आपल्या प्रार्थनाघरात पुकारा झाला असता तर मी ऐकलाच असता, तिथला एक शब्द मी सोडत नाही.

आता निकाल. तो सरळ आहे. पुकारा तीन वेळा झाला. बाप हजर होता. त्यानं हरकत घेतली नाही. इतकंच नव्हे, विचारल्यावर मान डोलावली. झोपेत होता, हे त्यानं म्हणून चालणार नाही. देवाच्या घरात जो झोपतो त्याला जागेपणीचे हक्क मागता येत नाहीत. लग्न पक्कं. मी न्यायाच्या बाकावर असतो तर त्या बापाला वर दंडही ठोकला असता. कसला बाप हा, वहिनी? घरात लग्नाची मुलगी आणि हा घोरतोय. मुलगी कुणाकडं बघते, कुणासाठी गाते, याचा ज्याला पत्ता नाही त्याला मुलगी विचारून तरी काय करणार होती? हे मी त्याच्या तोंडावर सांगायला तयार आहे. पोरीला म्हणावं, पोटभर जेव.

आणखी एक. गरीब जोडप्याला हात दिला तर लोकांच्या लक्षात राहतं आणि एप्रिलमध्ये पुन्हा मतं आहेत. म्हणून ओढ्याकाठचं माझं कुरण, वरच्या ओकच्या झाडापासून खालच्या बंधाऱ्यापर्यंत, मी या पत्रानं ओबेड स्पाइसर, त्याची बायको आणि त्यांची मुलंबाळं यांना देतो. कायमचं. शिवाय माझ्या माडीवरची पिसांची गादी. हे पत्र प्रार्थनाघराच्या पायरीवर मोठ्यानं वाचून दाखवा. मागं उभ्या राहणाऱ्यांनाही ऐकू जाईल असं वाचा.

ऑगस्टस येतोय हे विसरू नका. त्याला हंसाची कातडी चालत नाही, काढून द्या.

एलिफलेट ट्रेडवेल
डेप्युटी, न्यायाधीश, हॅडलो गावचा पहिला जमीनदार


हॅडलो
१७ नोव्हेंबर १७४८

भावोजी,

पाय उशांवर आहे ना? असू द्या. मालकिणीला म्हणावं दार लावून घे.

तुमचं पत्र वाचलं. रविवारी, दोन प्रार्थनांच्या मधे, पायरीवर उभी राहून. माझा आवाज तुम्हाला माहीतच आहे, कोंडवाड्यापर्यंत गेला. "कसला बाप हा" इथं आले तेव्हा लोकांनी माना खाली घातल्या. "घरात लग्नाची मुलगी आणि हा घोरतोय" इथं लोहार म्हणाला, "स्वतःबद्दल एवढं कोण लिहितं? मोठं मन लागतं." कुरणाचं वाचलं तेव्हा ओबेडनं मला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. आणि गिडियन काठीवाल्यानं तुमच्या नावानं टोपी काढली. डुकराच्या नव्हे, तुमच्या.

आता तुम्ही म्हणाल, स्वतःबद्दल म्हणजे काय?

भावोजी, ओबेडची बायको माइंडवेल आहे.

पुकारा आपल्याच प्रार्थनाघरात झाला. ऑगस्टचा शेवटचा रविवार आणि सप्टेंबरचे दोन. तुम्ही पुढच्या बाकावर, हात पोटावर, तोंड उघडं. सप्टेंबरभर लोक हात धरून "मोठ्या मनाचं काम केलंत" म्हणाले, ते पुलाचं नव्हतं. पुलाविषयी कुणाला माया नाही हो. त्या पुलावर लोहाराचं घोडं पडलं होतं. पिपंवाल्याला स्वतःची एकुलती एक मुलगी दिलीत म्हणून मतं पडली. लोकांना वाटलं, ट्रेडवेल जमिनीपेक्षा माणूस बघायला शिकला. मला त्यांना खोटं पाडवेना.

लग्न माझ्या स्वयंपाकघरात लागलं, तुम्ही न्यू हेवनला निघालात त्याच आठवड्यात. निळा झगा बेतला म्हटलं ना, तो त्यासाठीच. तुमचा निकाल हाती येईपर्यंत मी गप्प बसले. आता निकाल आलाय, तुमच्या सहीचा, सगळ्या हुद्द्यांसकट. अख्ख्या गावानं ऐकलाय.

आणि हो. नवा डुक्कर-हवालदार कुणाला टोपी काढत नाही. त्यानं सोमवारी डेप्युटीला माझ्या मक्यातून उचललं आणि कोंडवाड्यात घातलं. चौघं जण लागले. मालकानं स्वतः येऊन सोडवायचा नियम आहे, तो तुम्हीच केलाय.

माइंडवेल काल जेवली. दोनदा वाढून घेतलं. पण आज सकाळपासून न्यू हेवनच्या रस्त्याकडं बघत खिडकीत उभी आहे.

थँकफुल


न्यू हेवन
२१ नोव्हेंबर १७४८

वहिनी,

मी येतोय. पाय असो की नसो. गाडीत घालून येतोय.

हे लग्न मी मानत नाही. कुरण मी परत घेतो. ते पत्र मी परत घेतो. मी असेंब्लीत अर्ज करणार, पाद्रीला जाब विचारणार, त्या कारकुनाला घरी बसवणार. तुम्ही माझ्या घरातल्या बाई, माझ्या चुलतभावाची बायको, तुम्ही मला माझ्याच पत्रात असं पकडलंत जसं कोल्ह्याला कोंबडीच्या खुराड्यात पकडतात. कर्नलसाहेबांना मी काय सांगू? ऑगस्टसनं नवे बूट शिवून घेतलेत.

आणि मी मान डोलावली, हे धादांत खोटं आहे. मी प्रार्थनाघरात आयुष्यात झोपलेलो नाही. डोळे मिटून ऐकतो. डोळे मिटल्यानं नीट ऐकू येतं.

हे पत्र मी सकाळी लिहिलं होतं आणि पाठवलं नाही. आता संध्याकाळ झाली आहे.

कर्नलसाहेबांना मी सांगितलं. त्यांना वाईट वाटलं नाही. म्हणाले, ऑगस्टससाठी हार्टफर्डला दुसरीकडंही बोलणं चाललंच होतं, तुमच्याइतकंच पुढं गेलं होतं. हे मला त्यांनी कालवं खाताना कधी सांगितलं नव्हतं. वरच्या जागेचं मी विचारलं तर म्हणाले, ती जागा रिकामी होणार नाही, म्हातारा बरा झाला.

तिनं तिच्या आईचा झगा घातला होता म्हणता. बूट कुठले घातले? तिच्या आईचे चांदीच्या बकलांचे बूट माडीवरच्या पेटीत आहेत, किल्ली माझ्याकडं आहे.

तिनं माझी आठवण काढली का?

आणि एवढंच खरं सांगा. मी खरंच मान डोलावली होती का? मला काहीच आठवत नाही. माणसाच्या आयुष्यात इतकी मोठी गोष्ट व्हावी आणि त्याला आठवू नये, हे मला पायापेक्षा जास्त दुखतंय.

एलिफलेट


हॅडलो
२४ नोव्हेंबर १७४८

भावोजी,

तुम्ही वाटेत असाल म्हणून हे पत्र मधल्या खानावळीत ठेवायला सांगते. गाडी थांबली की वाचा, आणि वाचून झालं की पुढं या, मागं फिरू नका.

आधी तुमच्या कायद्याचं बघू. तुम्हाला दोनच वाटा आहेत. झोपला होतात म्हणालात, तर गेल्या हिवाळ्यात म्हाताऱ्या बार्लोला प्रार्थनेत डुलकी लागली म्हणून तुम्हीच दंड ठोकलात आणि पायरीवर उभं केलंत. बार्लो अजून जिवंत आहे आणि त्याची स्मरणशक्ती चांगली आहे. जागे होतात म्हणालात, तर मान डोलावलीत, संमती दिलीत, आणि गाव तुम्हाला मोठ्या मनाचा म्हणतं. कुठली वाट धरायची ते ठरवा. मी तुमच्या जागी असते तर जागी असते.

कुरण परत घेतो म्हणता. घ्या. पण एप्रिलमध्ये मतं आहेत हे तुम्हीच लिहिलंत. आणि कुरणाचं मला नका सांगू. मला तुमच्या चुलतभावाला, सॅम्युएलला, दिलं ते कशासाठी, तुम्हाला आठवतं? माझ्या बापाच्या आणि तुमच्या काकांच्या मधला बांध सरळ व्हावा म्हणून. बांध सरळ झाला. सॅम्युएल चांगला होता, मी तक्रार करत नाही. पण त्याचं नाव मला लग्नाच्या आदल्या दिवशी कळलं होतं, आणि बांधाची लांबी आधीपासून पाठ होती. माइंडवेलचं उलटं व्हावं एवढंच मला वाटलं. ओबेडकडं जमीन नाही, पण ती पिपाच्या पट्ट्या धरते तेव्हा तो हातोडा हळू मारतो.

बूट. तिनं आईचे घातले नाहीत. पेटी फोडूया म्हणाला ओबेड, ती नको म्हणाली. "बाबा स्वतः काढून देतील तेव्हा घालीन." माझे घातले. मोठे झाले, पुढं लोकर कोंबली.

आणि आठवण काढली का म्हणून विचारता. लग्नाच्या वेळी तिनं तुमची खुर्ची तुमच्या घरून उचलून आणवली आणि माझ्या चुलीजवळ मांडली. कुणाला बसू दिली नाही. पाद्रीबुवांचे गुडघे दुखतात, ते खुर्चीकडं बघत उभेच राहिले. लग्न लागल्यावर ती त्या रिकाम्या खुर्चीसमोर गुडघ्यावर बसली, जशी लहानपणी झोपायच्या आधी तुमच्यासमोर बसायची. मग उठली आणि म्हणाली, "काकू, आता भाजी करपतेय." नाक पुसत.

खुर्ची अजून माझ्याकडेच आहे. आभाराच्या दिवशी तिथंच बसा. पाय ठेवायला ओबेडनं एक पीप अर्धं कापून वर लोकर घालून दिलंय. पिपात कुणाला ठेवायचं ते आता त्यालाही कळलंय, असं तो म्हणाला. म्हणजे मी त्याला म्हणायला सांगितलं. हंस मोठा आहे, आणि कातडी ज्याला चालते त्याला दोन वाटे मिळतील. डेप्युटीला आधी सोडवून या, तो तुमच्याशिवाय काही खात नाही. ओबेडनं त्याच्या नाकात कडी घातलीय. आता तो कोंडवाड्यात सगळ्या डुकरांना वाट देऊन चालतो. तुम्हाला वाईट वाटेल, पण कडी त्याला शोभते.

पेटीची किल्ली खिशात आहे ना, ते खानावळीतच बघा.

तुमची वहिनी,
थँकफुल

ता. क. मान डोलावली होती का, हे विचारलंत. एवढी पत्रं मी ते चुकवत आले, पण तुम्हाला आठवत नाही म्हणून दुखतंय म्हणालात, आणि ते मला झोपू देईना. तुम्हाला आठवणार नाहीच, कारण तुम्ही काही केलंच नाहीत. त्या तिन्ही रविवारी दुपारच्या घेवड्याबरोबर जो सफरचंदाचा सायडर दिला, त्यात रम मी घातली होती. तिसऱ्या रविवारी जरा हात सैल सुटला. कारकून विचारून थांबला, पोरगी कापडासारखी पांढरी पडली, आणि तुम्ही खांबासारखे. मी शाल सावरायला पुढं वाकले, तुमच्या टोपाची शेपटी धरली, खाली ओढली आणि सोडली. टोप घट्ट होता म्हणून डोकंही आलं. गिडियननं बघितलं, आणि तो काठी घेऊन छताकडं बघत राहिला. पहिल्यांदा ओढली ती पोरीसाठी. दुसऱ्यांदा ओढली कारण मजा आली.